वाचकांचे प्रश्न : पाठाचा आराखडा कसा बांधावा

या वेळच्या पत्रांमध्ये शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक आहेत, कंपन्यांतले प्रशिक्षक आहेत आणि ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणारी मंडळीही आहेत. प्रश्न निरनिराळे असले, तरी बहुतेकांचे घोडे एकाच जागी अडते: उद्दिष्ट एक असते, सराव दुसऱ्याच गोष्टीचा होतो आणि चाचणी तिसरीच गोष्ट मोजते. त्यामुळे उत्तरांमध्ये आम्ही त्या जागेशी जास्त वेळ थांबलो आहोत.

प्रश्न : ॲडी, डिक आणि केरी, गान्ये, मेरिल, ब्लूम, केलर ही सगळी नावे परीक्षेसाठी पाठ केली. प्रत्यक्ष कामाला बसल्यावर यांतले कोणते मॉडेल घ्यायचे, हेच कळत नाही.
— नव्याने रुजू झालेली अभ्यासक्रम लेखिका

उत्तर : ही सगळी एका जातीची साधने नाहीत. फूटपट्टी, करवत आणि पाना यांतले चांगले कोणते, असे आपण विचारत नाही. कोणते काम आहे, ते आधी पाहतो. इथेही तेच करावे.

ॲडी म्हणजे कामाचा क्रम: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी ही पद्धत बांधली गेली. अनेक माणसे मिळून मोठा अभ्यासक्रम करत असतील, तर कोणी काय आणि कोणत्या वेळी करायचे हे ती सांगते. उद्याच्या तासाला अपूर्णांकांचा भागाकार कसा शिकवावा, याबद्दल मात्र तिच्यात काहीच नाही. डिक आणि केरी यांचे १९७८ चे मॉडेल याच घराण्यातले, पण अधिक बारकाईचे. त्यातली सर्वांत उपयोगी सवय अशी की उद्दिष्टे ठरली की लगेच चाचणीचे प्रश्न लिहायचे आणि पाठाचे साहित्य त्यानंतर तयार करायचे. विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ मध्ये शिक्षकांसाठी हाच विचार तीन पायऱ्यांत मांडला: शेवटी काय जमायला हवे, ते जमले हे कशावरून कळेल, आणि मग त्यासाठी वर्गात काय करायचे. एकट्या शिक्षकाला एक घटक आखायचा असेल, तर या तीन पायऱ्या पुरतात. ॲडीचा सगळा पसारा लागत नाही.

गान्ये यांचा क्रम एका तासाच्या पोटातला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. ब्लूम यांच्या वर्गीकरणातून उद्दिष्टाची पातळी ठरते. केलर यांचा आराखडा शिकणाऱ्याच्या इच्छेबद्दल आहे: लक्ष, विषयाचा आपल्याशी संबंध, आत्मविश्वास आणि समाधान. यांतला आत्मविश्वासाचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पहिलाच सराव-प्रश्न इतका अवघड असतो की निम्मा वर्ग तिथेच हात टेकतो.

मेरिल यांनी २००२ मध्ये अनेक सिद्धान्तांतला समान भाग वेगळा काढला. त्यांची पाच तत्त्वे तयार पाठ तपासायला फार सोयीची आहेत. पाठ समोर ठेवा आणि विचारा: यात खरी, पूर्ण समस्या आहे का? आधी येत असलेले काही जागे केले आहे का? ती गोष्ट करून दाखवली आहे का? शिकणाऱ्याकडून करवून घेतली आहे का? ती त्याच्या रोजच्या कामात मिसळेल अशी काही सोय आहे का? बहुतेक पाठ तिसऱ्या प्रश्नालाच अडखळतात. गोष्ट ‘सांगितलेली’ असते, ‘दाखवलेली’ नसते. “तक्रारदाराशी शांतपणे बोला” हे सांगणे झाले. चिडलेल्या माणसाशी झालेल्या संवादाचे दोन नमुने, एक बिघडलेला आणि एक सावरलेला, शेजारी शेजारी ठेवणे म्हणजे दाखवणे.

ॲडीबद्दल एक सावधगिरी. पाचही टप्पे एकामागून एक कुलूपबंद केले, की विश्लेषणातली चूक थेट शेवटी उघडी पडते. तोपर्यंत चित्रफिती तयार, पुस्तिका छापलेल्या. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पाठ कच्चा, साध्या कागदावर तयार करून दोन-तीन शिकणाऱ्यांपुढे ठेवावा. बाकी इमारत त्यानंतर.

प्रश्न : माझ्या पाठटाचणातल्या उद्दिष्टांवर “मोजता येत नाहीत” असा शेरा येतो. मी ब्लूमच्या यादीतली क्रियापदे वापरते, तरीही.
— माध्यमिक शाळेतील शिक्षिका

उत्तर : क्रियापद बदलल्याने उद्दिष्ट बदलत नाही. “विद्यार्थ्याला पाणीचक्र समजेल” याऐवजी “विद्यार्थी पाणीचक्राचे विश्लेषण करेल” असे लिहिले, तर वाक्य भारदस्त होते. पण विद्यार्थी नेमके काय करणार, हे अजूनही कळत नाही.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: कृती, परिस्थिती आणि निकष. हे तीन भाग भरले की शेरा येणार नाही. प्रथमोपचाराचे उदाहरण घ्या. “प्रशिक्षणार्थ्याला सीपीआरची माहिती होईल” हे उद्दिष्ट कामाचे नाही. त्याऐवजी असे लिहा: “प्रौढ व्यक्तीच्या आकाराचा सरावाचा पुतळा जमिनीवर असताना, टिपण न पाहता, प्रशिक्षणार्थी सलग २ मिनिटे छातीवर दाब देईल, वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देईल.” पुतळा, जमीन आणि टिपण नसणे ही परिस्थिती झाली. दाब देणे ही कृती. आकडे आणि छाती पूर्ण वर येणे हा निकष.

असे उद्दिष्ट लिहिले की चाचणी आपोआप ठरते: पुतळा, घड्याळ आणि तपासणी-सूची. “दाबाचा वेग किती असावा?” असा चार पर्यायांचा प्रश्न या उद्दिष्टाची चाचणी होऊच शकत नाही. त्यातून फक्त आकडा आठवतो की नाही, एवढे कळते. उद्दिष्ट कृतीचे आणि चाचणी आठवणीची ही सगळ्यात जास्त आढळणारी विसंगती आहे. तिचा फटका पुढे सरावालाही बसतो, कारण शिकणारा चाचणी पाहूनच तयारी करतो.

ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये आली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती या सहा पातळ्या आपल्या ओळखीच्या आहेत. याच आवृत्तीत ज्ञानाचे चार प्रकारही दिले आहेत: तथ्ये, संकल्पना, कार्यपद्धती आणि स्वतःच्या विचारप्रक्रियेचे भान. टाचणात या दुसऱ्या बाजूचा वापर क्वचितच दिसतो, आणि ते खटकते, कारण शिकवण्याची रीत बरीचशी तिच्यावरच ठरते. तथ्यांना आठवून पाहण्याचा सराव लागतो. संकल्पनेला उदाहरणे आणि ‘उदाहरण नसलेली’ उदाहरणे लागतात. कार्यपद्धती शिकवायची तर करून दाखवणे आणि हाताखालून घालणे याला पर्याय नाही.

एका तासाला अशी एक-दोन उद्दिष्टे पुरेत. सहा लिहिली, तर त्यांतल्या चारांना सराव मिळणार नाही.

प्रश्न : गान्ये यांचे नऊ टप्पे ४० मिनिटांच्या तासात कसे बसवायचे? प्रस्तावनेतच १५ मिनिटे जातात.
— गणित शिक्षक

उत्तर : नऊ टप्पे म्हणजे वेळेचे नऊ समान वाटे नव्हेत. लक्ष वेधणे, उद्दिष्ट सांगणे, पूर्वज्ञान जागे करणे, आशय मांडणे, मार्गदर्शन करणे, कृती करवून घेणे, प्रत्याभरण देणे (कृती कशी झाली ते सांगणे), चाचणी घेणे, आणि धारणा (लक्षात राहणे) व संक्रमण (नव्या ठिकाणी वापरता येणे) वाढवणे, असा हा क्रम आहे. यातले काही टप्पे एका वाक्यात उरकतात, तर काही एकमेकांत मिसळतात.

शेकडेवारीतल्या एकामागून एक होणाऱ्या बदलांचा पाठ घेऊ. पहिली २ मिनिटे: “१०० रुपयांच्या वस्तूची किंमत आधी २० टक्के वाढली, मग २० टक्के उतरली. आता किती?” प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. बरेच जण १०० लिहितील. खरे उत्तर ९६. १ मिनिट: आज असे दोन बदल लागोपाठ झाले तर अंतिम किंमत काढायला शिकू. ५ मिनिटे: एका संख्येचे टक्के काढण्याची तीन छोटी उदाहरणे. इथेच अडखळणारे विद्यार्थी तेव्हाच दिसतात. १० मिनिटे आशय आणि मार्गदर्शन मिळून: दोन उदाहरणे फळ्यावर पूर्ण सोडवून, प्रत्येक पायरीला “आता २० टक्के कशाचे?” हा एकच प्रश्न विचारत. १४ मिनिटे विद्यार्थ्यांची कृती आणि प्रत्याभरण. ५ मिनिटे दोन प्रश्नांची चाचणी, वही बंद करून. शेवटची ३ मिनिटे वेगळ्या वेषातला प्रश्न: लोकसंख्या, वजन किंवा बचत यांच्यावरचा.

प्रस्तावना लांबते ती दोन कारणांनी. एक, पूर्वज्ञान जागे करण्याऐवजी ते पुन्हा शिकवले जाते. तीन उदाहरणांत अर्धा वर्ग अडकला, तर तो त्या दिवसाचा पाठच नाही; मागचा घटक पुन्हा घ्यावा. दुसरे, लक्ष वेधण्यासाठी गोष्ट, चित्र किंवा खेळ आणला जातो आणि त्याचा पुढच्या आशयाशी संबंध नसतो. वर सुचवलेला अंदाजाचा प्रश्न लक्षही वेधतो, आणि विद्यार्थ्याची नेमकी चूकही वहीत उतरवतो. पाठाच्या शेवटी त्याने स्वतःच तो अंदाज तपासायचा.

वेळ कमी पडला तर काय कापाल? बहुतेक शिक्षक सराव कापतात आणि तो गृहपाठात ढकलतात. आमचा आग्रह नेमका उलटा आहे. कृती आणि प्रत्याभरणाची ती १४ मिनिटे शेवटपर्यंत राखा, आशयाचे एक उदाहरण कमी करा. घरी चुकीच्या रीतीने सोडवलेली दहा गणिते ती चुकीची रीतच पक्की करतात.

प्रत्याभरणाबद्दल आणखी थोडे. “चूक” किंवा “शाब्बास” एवढ्याने काही हाती लागत नाही. “दुसरे २० टक्के तू १०० चे काढलेस, ते १२० चे काढायला हवेत” हे प्रत्याभरण. कोणती पायरी चुकली आणि आता काय करायचे, हे त्यात आले पाहिजे.

प्रश्न : मी ऑनलाइन अभ्यासक्रम बनवतो. पडद्यावर मुद्दे, त्याच मुद्द्यांचे निवेदन, मागे हलके संगीत आणि ॲनिमेशन, असे सगळे देऊनही लोक मध्येच सोडून जातात किंवा शेवटच्या चाचणीत नापास होतात. काय कमी पडते?
— ई-लर्निंग विकसक

उत्तर : तुमच्याकडे काही कमी नाही, फार जास्त आहे. माणसाच्या कार्यकारी स्मृतीची, म्हणजे विचार करताना एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टींची, जागा फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपासचा आकडा मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. नवीन विषय शिकणाऱ्याला एका वेळी एवढेच तुकडे हाताळता येतात. जॉन स्वेलर यांचा बोधात्मक भाराचा सिद्धान्त १९८८ पासून याच मर्यादेवर उभा आहे. विषयाच्या मूळच्या गुंतागुंतीचा भार एक, आणि मांडणीमुळे विनाकारण पडणारा भार दुसरा. पहिला कमी करता येत नाही, फक्त टप्प्याटप्प्याने देता येतो. दुसरा तुमच्या हातात आहे.

रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून निघालेली तत्त्वे तुमच्या पडद्याला लावून पाहू. संगीत काढून टाका. आशयाशी संबंध नसलेले सगळेच काढा, मग ते कितीही मनोरंजक असो. चित्र आणि निवेदन ठेवा, निवेदनातलीच वाक्ये पडद्यावर देऊ नका. डोळे चित्र सोडून वाचायला लागतात आणि वाचन व ऐकणे यांची गती जुळत नाही. याला अपवाद आहेत: नवी पारिभाषिक संज्ञा, सूत्र, शिकणाऱ्याच्या मातृभाषेबाहेरची भाषा आणि कमी ऐकू येणारे लोक. तिथे शब्द दिसलेच पाहिजेत, आणि निवेदनाचे शब्द पडद्यावर चालू-बंद करण्याची सोय तर सर्वांनाच द्यावी.

आकृतीतल्या भागांची नावे त्या भागांजवळच लिहा. आकृतीवर १, २, ३ आणि खाली सूची असे दिले, की नजर वर-खाली धावत राहते आणि सारा जोर त्या धावपळीत खर्च होतो. लांब चित्रफितीचे लहान तुकडे करा, आणि पुढच्या तुकड्यावर जाण्याचे बटण शिकणाऱ्याच्या हातात द्या. यंत्राचे काम समजावण्याआधी त्याच्या भागांची नावे वेगळी शिकवा, म्हणजे नावे आणि काम दोन्ही एकदम अंगावर येणार नाहीत.

एवढे केल्यावर लोक कमी गळतील. चाचणीत पास होण्यासाठी मात्र सरावाची घडण बदलावी लागेल. तुमच्या पत्रावरून असे दिसते की स्पष्टीकरण संपले की थेट प्रश्न येतात. मध्ये ‘सोडवलेल्या उदाहरणांची’ पायरी घाला. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर यांनी बीजगणितात दाखवले, की नवशिक्यांना नुसती गणिते सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर कमी वेळात शिकणे चांगले होते. नवशिका स्वतः उत्तर शोधत असताना त्याची सगळी स्मृती शोधण्यातच अडकते. रीत मनात ठसायला जागा उरत नाही.

उदाहरणे हळूहळू मोकळी करत न्यायची. ३(क − २) + ४ = १९ हे समीकरण घ्या. पहिल्या उदाहरणात तिन्ही पायऱ्या लिहिलेल्या: दोन्ही बाजूंतून ४ वजा, ३(क − २) = १५; दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क − २ = ५; दोन्ही बाजूंत २ मिळवा, क = ७. दुसऱ्या उदाहरणात आकडे वेगळे आणि शेवटची पायरी रिकामी. तिसऱ्यात शेवटच्या दोन रिकाम्या. चौथे पूर्ण शिकणाऱ्याचे. रिकाम्या जागा शेवटाकडून सुरू केल्या, की शिकणारा पहिल्याच प्रयत्नात उत्तरापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पायरीपाशी “हे का केले?” असे एका ओळीत लिहायला लावा, नाहीतर उदाहरणावरून नुसती नजर फिरते आणि “हो, समजले” असा खोटा भास होतो.

मात्र हे औषध नवशिक्यांपुरतेच. सरावलेल्या माणसाला पायरी-पायरीने सोडवलेली उदाहरणे दिली, तर त्याची गती मंदावते. त्याच्या डोक्यातली रीत आणि पडद्यावरची रीत यांची टक्कर होते. म्हणून सुरुवातीला तीन प्रश्नांची छोटी चाचणी ठेवा. तिन्ही जमले तर थेट चौथ्या उदाहरणावर पाठवा.

प्रश्न : प्रत्येक विद्यार्थ्याची शिकण्याची शैली (पाहून, ऐकून, करून) ओळखून त्याप्रमाणे वेगळा पाठ करावा का? आणि “वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के लक्षात राहते” हे कितपत खरे?
— प्रशिक्षण समन्वयक

उत्तर : दोन्ही सोडून द्या. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी शैलींवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, असे म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. लोकांना आवडीनिवडी असतात, हे खरेच. पण नकाशा ऐकवून शिकवता येत नाही आणि उच्चार चित्रातून शिकवता येत नाही. कोणते माध्यम वापरायचे, ते आशय ठरवतो.

टक्क्यांचे आकडे एडगर डेल यांच्या १९४६ च्या ‘अनुभवाच्या शंकू’ या आकृतीला नंतर कोणीतरी चिकटवले. मूळ शंकूत टक्के नाहीतच. वेगळा पाठ करायचाच असेल, तर शिकणाऱ्याला आधी काय येते यावरून करा.

प्रश्न : दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला उत्तम अभिप्राय येतात, शेवटच्या चाचणीतही गुण चांगले पडतात. महिन्याभराने विचारले तर कोणाला फारसे आठवत नाही. साहित्य बदलावे का?
— प्रशिक्षण विभागप्रमुख

उत्तर : साहित्याला हात लावण्याआधी वेळापत्रक बदला.

आधी मोजमापाचे बोलू. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, कामातले वर्तन आणि परिणाम. तुमचे अभिप्राय पहिल्या पातळीचे आहेत आणि चाचणी दुसऱ्या, तीही शिकवल्या दिवशीची. त्याच दिवशीचे गुण किती फसवे असतात, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात स्पष्ट दिसते. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचून, मग न पाहता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर.

यातून दोन बदल निघतात. उजळणी म्हणून स्लाइड पुन्हा दाखवणे बंद करा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ५ मिनिटे कोरा कागद द्या: मागच्या सत्रातल्या चार मुख्य गोष्टी न पाहता लिहा, मग टिपणाशी ताडून दुसऱ्या रंगात दुरुस्त करा. याला गुण देऊ नका. गुण आले की लोक आठवण्याऐवजी शेजारी पाहतात. आणि दुरुस्तीची पायरी वगळू नका, नाहीतर चुकीचेच पक्के होते.

दुसरा बदल अंतराचा. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून दाखवला होता. किती अंतराने उजळणी करावी, याचे नेमके उत्तर सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात मिळते. ७ दिवस लक्षात ठेवायचे असेल तर एका दिवसाचे अंतर सर्वांत चांगले ठरले, ३५ दिवसांसाठी ११ दिवसांचे, आणि ७० किंवा ३५० दिवसांसाठी २१ दिवसांचे. त्यांनी तपासलेल्या अंतरांपैकी ही आहेत, म्हणून तंतोतंत पाळायची गरज नाही. जितके लांब लक्षात ठेवायचे, तितके अंतर मोठे, एवढे धरा.

तुमच्यासाठी ढोबळ मांडणी अशी: सलग दोन दिवसांऐवजी एक दिवस, मग दहा-बारा दिवसांनी अर्धा दिवस, आणि पुढे तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा. एकूण तास तेवढेच. एकत्र येणे शक्य नसेल तर मधल्या काळात तीन-चार प्रसंग-प्रश्न पाठवा. “नियम क्रमांक अमुक कोणता?” असे न विचारता “समोर असे घडले आहे, आता पहिली कृती कोणती?” असे विचारा. सराव-प्रश्नही प्रकारवारीने एकत्र न ठेवता मिसळून द्या. सारखे दहा प्रश्न ओळीने आले, की कोणती रीत लावायची हे ठरवण्याची वेळच येत नाही, आणि प्रत्यक्ष कामात तेच तर ठरवायचे असते. मिसळलेल्या सरावात लोकांचे गुण सुरुवातीला घसरतील आणि तक्रारीही येतील. हे आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या पातळीसाठी महिन्याने कामाच्या जागी जाऊन, सात-आठ मुद्द्यांची तपासणी-सूची घेऊन प्रत्यक्ष पाहणी करा. “तुम्ही हे वापरता का?” असा प्रश्न विचारणारी प्रश्नावली पुन्हा पहिल्याच पातळीवर घसरते.

प्रश्न : आमच्याकडे किरकोळ अपघातांचे नोंदपत्र कोणी भरत नाही. व्यवस्थापनाने सर्वांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यायला सांगितले आहे. ते कसे आखावे?
— सुरक्षा अधिकारी

उत्तर : आखण्याआधी एक शंका दूर करा. मेगर आणि पाइप यांनी १९७० मध्ये अशा वेळी विचारायचे प्रश्न सांगितले आहेत. त्यातला कळीचा: जीवावर बेतले तर या लोकांना हे पत्रक भरता येईल का? येत असेल, तर प्रशिक्षणाने काही होणार नाही.

मग पुढचे प्रश्न. पत्रक भरल्याने भरणाऱ्याला त्रास होतो का: चार पाने लिहावी लागतात, वर चौकशीला उभे राहावे लागते? न भरणाऱ्याचा फायदा होतो का: “शून्य अपघात” म्हणून त्याच्या गटाचे कौतुक होते? पत्रक हाताशी असते का? भरल्यानंतर पुढे काही झालेले कधी कोणाला दिसते का? पाच-सहा कामगारांशी प्रत्येकी दहा मिनिटे बोललात तरी उत्तर मिळेल. पत्रक एका पानावर आणणे आणि नोंदीनंतर काय दुरुस्त झाले ते फलकावर लावणे, हे अर्ध्या दिवसाच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करेल.

काही जणांना खरेच भरता येत नसेल, तर तेवढ्यांनाच शिकवा. तिथेही आधी पाहा, की भरलेला नमुना पत्रकाच्या मागच्या बाजूला छापून भागते का. क्वचित लागणाऱ्या, क्रमाने करायच्या आणि घाई नसलेल्या कामाला पाठांतरापेक्षा असा हाताशी असलेला नमुना बरा. आणीबाणीत करायच्या कामाला मात्र तो चालत नाही. तिथे सरावच हवा.

प्रश्न : अभ्यासक्रम प्रसिद्ध करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासून घेतो, तरी शिकणारे भलत्याच ठिकाणी अडतात. तज्ज्ञांची संख्या वाढवावी का?
— पुस्तिका संपादक

उत्तर : तज्ज्ञ आशयाची चूक पकडतात. शिकणारा कुठे अडेल, हे त्यांना सहसा दिसत नाही, कारण मधल्या पायऱ्या त्यांच्या हातून नकळत होऊन जातात. त्यासाठी शिकणारेच लागतात, आणि थोडे पुरतात.

डिक आणि केरी यांच्या पद्धतीत चाचपणीचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात एका वेळी एकच शिकणारा: एक हुशार, एक मध्यम, एक मागे राहणारा, असे किमान तिघे. दुसऱ्यात आठ ते वीस जणांचा लहान गट. तिसऱ्यात खऱ्या परिस्थितीत, तुमची मदत नसताना पाहणी. वेळ नसेल तर तिसरा टप्पा पुढे ढकला, पण पहिला सोडू नका.

पहिल्या टप्प्यात शेजारी बसा, साहित्य छपाईआधीचे, कच्चे ठेवा. ते देखणे असले की लोक चुका सांगायला संकोचतात. “आम्ही तुम्हाला नाही, पुस्तिकेला तपासतो आहोत” हे सुरुवातीलाच सांगा आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावा. तुम्ही समजावून सांगायचे नाही; ओठ घट्ट मिटून बसणे हेच यातले अवघड काम आहे. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कोणता शब्द दोनदा वाचला, ते पानाच्या समासात वेळेसह टिपा. शेवटी तीच चाचणी द्या जी पुढे सर्वांना देणार आहात.

मग कोष्टक करा: उभ्या ओळीत प्रश्न, आडव्या ओळीत माणसे, चुकलेल्या चौकटीत फुली. एकाच प्रश्नासमोर तिघांच्याही फुल्या असतील, तर आधी प्रश्नाची भाषा पाहा. ती ठीक असेल तर त्या उद्दिष्टासाठी सराव दिला होता का, ते पाहा. स्पष्टीकरण बदलण्याकडे सगळ्यात शेवटी या. एकाच माणसासमोर सगळ्या फुल्या असतील, तर त्याला सुरुवातीला जे येत असेल असे तुम्ही धरले होते, ते तपासा; पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पूर्वतयारीची छोटी चाचणी बहुधा तिथूनच सुचते.